चिमट्यातला धोटा

मालकांनी आबाचा धोटा निखाऱ्याच्या चिमट्यानं उचलून आणला.

मागच्या बोळातून आले, आमच्या दारापुढं थांबले आणि चिमटा उघडला. धोटा दगडावर पडला. त्याच्यावर हळद होती, कुंकू होतं. टोकाला झेंडूची एक पाकळी चिकटलेली होती. ती हळद आदल्या दिवशी मालकांनीच लावली होती. स्वतःच्या बोटांनी.

"हा तुझा?"

आबा मागाच्या खड्ड्यातून वर आला. धोतराला हात पुसले.

"माझाच हाय जी."

"मग पूजेत कसा आला?"

मालकांनी हातातल्या चिमट्याकडं पाहिलं आणि तोही दगडावर टाकला. "हा पण ठेवा आता तुम्हीच," म्हणाले. "चौकात या. मुलीला घेऊन या. लिहायचं आहे."

मी तेव्हा तेरा वर्षांची होते. माझं अक्षर चांगलं होतं. या गोष्टीत माझ्या अक्षराचा भाग मोठा आहे. म्हणून ते आधी सांगून ठेवते.

माझे वडील, आमचा आबा, जाऊन आज एकवीस दिवस झाले. शाळेतून घरी आले की मी दोन-चार ओळी लिहिते आणि थांबते. घाई करावीशी वाटत नाही. जे घडलं त्याला अकरा वर्षं झाली. आणखी काही दिवसांनी काय बिघडतं?

धोटा म्हणजे लाकडाची लहानशी होडी. तिच्या पोटात सुताची कांडी बसते. ही होडी ताण्याच्या उभ्या धाग्यांमधून इकडून तिकडं पळते आणि आडवं सूत घालत जाते. कांडी संपली की नवी घालायची. नव्या कांडीचं सूत होडीच्या कडेच्या बारीक भोकातून बाहेर काढायचं. भोक इतकं बारीक की बोट चालत नाही. मग विणकर काय करतो? धोटा तोंडाला लावतो आणि श्वास आत ओढतो. सूत सुर्रकन ओठावर येतं. दिवसातून किती वेळा, त्याचा हिशेब कुणी ठेवत नाही. हात धोट्याकडं गेला की तोंड आपोआप पुढं होतं.

एवढ्याशा ओढीवर माझ्या बापाचं आयुष्य अडलं.

आबा करकंबचा. जातीनं महार. त्याच्या बापाकडं खड्ड्याचा माग होता, त्यावर जाडंभरडं कापड निघायचं. त्यामुळं आबाला विणकाम लहानपणापासून येत होतं. सोलापुरात गिरणीत लागला तेव्हा त्यानं साचेखातं मागितलं. कापड विणायचं ते खातं, तिथं पगार बरा. मुकादम हसला. "अरे, तिथं धोट्याला तोंड लावतात. तू लावलेला धोटा दुसऱ्या पाळीत कोण तोंडात धरील?" आबाला सूत काढायच्या खात्यात घातलं. तिथं कापूस उडतो. तो नाकातोंडात जातो. कापसाला कुणाचंही तोंड चालतं.

नऊ वर्षं तो कापूस खाल्ल्यावर आबानं ठरवलं, स्वतःचा माग लावायचा. आपला धोटा, आपलं तोंड. दुसऱ्याचा प्रश्नच नाही. लाकूड जमवलं, सुतार गाठला. आमची खोली एवढीशी, तिथं माग बसेना. मागाला गाळा हवा. आणि गाळे सगळे पेठांत.

"गाळा रिकामा हाय का?"

"हाय की. किती माग?"

"एकच."

"गाव कुठलं?"

"करकंब."

"करकंबात कुणाच्यातलं?"

आबा सांगायचा. खोटं सांगणं त्याला जमलं नाही. मग समोरच्या माणसाला एकाएकी आठवायचं, की गाळा भाच्याला द्यायचा आहे. किंवा छप्पर गळतं. एकानं सरळ सांगितलं, "न्हाय बाबा, बाकीचे भाडेकरू उठतील." आबा त्याचं नाव शेवटपर्यंत आदरानं घ्यायचा. निदान खरं बोलला म्हणून.

शेवटी भवानी पेठेत हे मालक भेटले. शाळेचे निवृत्त हेडमास्तर. सुधारक. सभेत अस्पृश्यतेवर बोलायचे. मी एकदा ऐकलंय, मंडपाच्या बाहेर उभी राहून. चांगलं बोलायचे. त्यांच्या चाळीत सहा गाळे होते, पाचांत तेलुगू बोलणारे विणकर, सहावा कडेचा, रिकामा.

"मी स्वतः काही मानत नाही," ते आबाला म्हणाले. "पण इतरांचं मन राखावं लागतं. चार गोष्टी लिहून दे. म्हणजे त्यांचंही समाधान."

आबाला लिहिता येत नव्हतं. मी बरोबर होते, नुकतंच तेरावं लागलेलं, मराठी चौथीत. मालकांनी मला चौकाच्या पायरीखाली बसवलं. कागद, दौत आणि टाक पायरीवर ठेवले आणि मागं सरकले.

"मजकूर मी सांगतो. तू लिही."

मी लिहिलं. भाडेचिठ्ठी लिहून देतो ऐसी जे. मागील बोळाच्या दाराने जा-ये करीन. चौकातील नळास शिवणार नाही. दारावर नावाची पाटी लावणार नाही. चाळीच्या पूजाअर्चेत सामील होणार नाही. गाळा सोडताना शुद्धी करून देईन. जातीने महार, सही अंगठा.

मालकांनी कागद लांबूनच पाहिला. "वा! काय अक्षर आहे ग! कुणी शिकवलं?"

मला आनंद झाला.

हे लिहिताना माझा हात थांबतो. कारण मला खरोखर आनंद झाला. घरी येऊन मी आईला सांगितलं, मालक माझ्या अक्षराला वा म्हणाले. आई भाकरी थापत होती. म्हणाली, "लिवलंस काय त्ये सांग की." मी पाठ म्हणून दाखवलं. आईनं भाकरी तव्यावर टाकली आणि बराच वेळ उलटलीच नाही. ती करपली.

गाळ्यात मात्र आबा सुखात होता. आई बोळाकडच्या दारात बसून कांड्या भरायची. मी शाळेतून आले की सूत उकलायचे. पलीकडच्या गाळ्यात मल्लय्याअण्णा होते. मधली भिंत आढ्यापर्यंत पोचलेली नव्हती. वर हातभर मोकळी जागा होती, त्यातून दोघं बोलायचे. एकमेकांचं तोंड क्वचितच दिसायचं.

"काय पाव्हणं, माग झोपला काय? आवाज न्हाई."

"झोपला न्हाय अण्णा. तुमचं गाणं ऐकून बंद पडला."

"मग माझं गाणं विकून टाकतो. एक नग कमी होईल पेठेत."

"कोन घील? फुकट द्या, तरी परत आणून टाकतील."

अशी त्यांची बोलणी. माग दोन्हीकडं चालू असायचे, त्यामुळं ओरडूनच बोलायचे. आईला हसू यायचं. मला वाटायचं, आता असंच चालेल.

दसऱ्याच्या आधी दोन दिवस अण्णांच्या धोट्याचं टोक चिरलं. दुसरा धोटाही रुसलेला, सूत तोडत होता. सणाआधी कापड उतरवून द्यायचं होतं. त्यांनी भिंतीवर थाप मारली.

"एखादा धोटा आहे काय रे? दे की."

आबानं हातातला धोटा भिंतीवरून दिला. पलीकडून हात आला, घेऊन गेला. आबाचा हात तसाच वर राहिला. त्याला उशिरा आठवलं. अण्णांना आठवलंच नाही. कामातल्या विणकराला धोटा दिसतो, धोट्यामागचा माणूस दिसत नाही.

मग पलीकडं क्षणभर शांत झालं. आणि तो आवाज आला. ओठांचा, सूत आत ओढल्याचा. सुर्र. लगेच माग चालू झाला. खटाक खटाक.

आबा खड्ड्यात बसून ऐकत राहिला. त्याचा माग बंद होता. दुसरा धोटा कोनाड्यात होता, पण तो उठला नाही. आईनं विचारलं, "काय झालं वं?" तो म्हणाला, "काय न्हाय. चाललाय."

खंडेनवमीला त्या चाळीची एक रीत होती. सगळे माग बंद. प्रत्येक घरच्या बाईनं आपल्या मागाचे धोटे धुवायचे आणि चौकातल्या एका मोठ्या पाटावर नेऊन ठेवायचे. सगळ्या चाळीचे धोटे एका पाटावर. मालक म्हणून हेडमास्तरांनी येऊन प्रत्येक धोट्याला हळदकुंकू लावायचं, नमस्कार करायचा. रात्रभर धोटे पाटावर. दसऱ्याच्या सकाळी ज्यानं त्यानं आपापला उचलायचा.

अण्णांच्या बायकोनं मागाजवळचे धोटे धुतले. तीन होते. तीन नेऊन ठेवले. तिला कोण सांगणार? आमचा धोटा त्यांच्यासारखाच. फक्त पोटाशी तापल्या खिळ्यानं केलेले तीन ठिपके. आबाची खूण.

मालकांनी त्यालाही हळद लावली. हात जोडले.

सकाळी सगळ्यांनी आपापले उचलले. मी बोळाच्या कोपऱ्यावरून पाहत होते. अण्णा आले. आपले दोन उचलले. तिसऱ्याकडं पाहिलं. हात पुढं केला. आणि मागं घेतला. चौकात माणसं होती. उचलला असता तर कुणी विचारलंही नसतं. पण त्या घटकेला माणूस भ्यालेला असला की त्याला सगळे आपल्याकडंच पाहताहेत असं वाटतं. ते वळून गाळ्यात गेले.

पाटावर एकच धोटा राहिला. कुणाचा? कुणाचाच नाही. मग ठिपके दिसले. मग गलका झाला. मग चिमटा आला.

चौकात आम्ही पायरीखाली उभे राहिलो. चाळीतले सगळे होते. अण्णाही, खांबाला टेकून. मालकांनी आवाज चढवला नाही. ते कधीच चढवत नसत.

"हे बघ," ते आबाला म्हणाले. "मला तुला काढायचं नाही. पण हे लोक ऐकत नाहीत. तू लिहून दे की धोटा तू ठेवलास. चूक झाली, पुन्हा होणार नाही. शुद्धी तू करून दे. गाळा तुझाच राहील."

"म्या न्हाय ठेवला जी."

"मग कुणी ठेवला?"

आबानं खांबाकडं पाहिलं नाही. मी पाहिलं. अण्णांचे डोळे फरशीवर होते. नाव सांगितलं असतं तर त्यांच्यावर जातपंचायत बसली असती, दंड झाला असता, पंगत तुटली असती. आबाला ते माहीत होतं.

"मुली, लिही," मालक म्हणाले. "मजकूर मी सांगतो."

तीच पायरी. तीच दौत. मी बसले. त्यांनी सांगितलं ते लिहू लागले. मी, जातीने महार, कडेच्या गाळ्यातील भाडेकरू, कबूल करतो ऐसे जे, खंडेनवमीचे दिवशी मी जाणूनबुजून.

तिथं मी थांबले.

"पुढं लिही. जाणूनबुजून आपला धोटा चोरून पूजेत ठेवून..."

"हे खोटं आहे."

"खरं-खोटं तुला कुणी विचारलंय का?"

"मग तुम्ही लिहा," मी म्हणाले. "तुम्हाला येतं की."

मला अजून कळत नाही ते शब्द कुठून आले. मी उद्धट मुलगी नव्हते. वर्गात तोंड उघडायचे नाही. पण जाणूनबुजून हा शब्द माझ्या अक्षरात इतका स्वच्छ, इतका सुंदर उमटला होता. तो कागदावर खरा दिसत होता. मी लिहिलं की ते खरं होणार होतं. भाडेचिठ्ठीही मी लिहिली तेव्हाच खरी झाली होती.

मालक म्हणाले, "माझ्या हातचं कसं चालेल? अक्षर भाडेकरूच्या घरचंच हवं."

म्हणून. त्यांना फक्त जागा शुद्ध करून नको होती. त्यांना आमचंच अक्षर हवं होतं.

आबा माझ्या शेजारी उकिडवा बसला. हळू म्हणाला, "लिव्ह, पोरी. ताणा उभा हाय."

ताणा उभा होता. मागावर अर्धं कापड, पुढं तेवढंच विणायचं बाकी. माग हलवायचा म्हणजे तो ताणा तोडायचा. एकेक धागा आबा-आईनं मिळून भरलेला.

मी टाक पायरीवर ठेवला. "न्हाय लिवणार, आबा." शाळेची भाषा नव्हती ती. आपलीच होती.

संध्याकाळपर्यंत गाळा मोकळा करायला सांगितलं. आबानं ताणा विळ्यानं स्वतः तोडला. शेकडो धागे एकदम सुटले आणि आखडून गोळा झाले. मी मदतीला गेले तर त्यानं मला कोपरानं बाजूला केलं. जोरात नाही. पण केलं. निघताना आईनं बोळ झाडला. दगडावरचा चिमटा उचलून पदराला पुसला. "लोकंडाचा हाय," म्हणाली. "कशाला टाकायचा?" त्या चिमट्यानं आमच्या घरी अकरा वर्षं भाकरी भाजली जाते आहे.

आबा पुन्हा गिरणीत गेला, त्याच कापसात. मागाची लाकडं आढ्याला बांधून ठेवली. मी सातवी झाले, शिक्षकीण झाले, आमच्याच समाजाच्या मुलांच्या शाळेत. आबानं मला शाबास कधी म्हटलं नाही. शिवीही दिली नाही. त्या दिवसाचा विषय घरात निघाला नाही. मला विचारायचं होतं, मी लिहिलं असतं तर बरं झालं असतं का? विचारलं नाही. खोकला वाढत गेला, आणि खोकणाऱ्या माणसाला असं काही विचारता येत नाही. आता उत्तर मिळणार नाही. मी लिहिलं असतं तर कदाचित माग राहिला असता. कदाचित छाती राहिली असती. हे मी टाळत नाही. हे माझ्याबरोबर राहणार.

शेवटच्या दोन रात्री त्याला शुद्ध नव्हती. हात छातीवरून उचलायचा, काहीतरी धरल्यासारखा तोंडाजवळ न्यायचा. ओठ पुढं करायचा आणि श्वास आत ओढायचा. सुर्र. आईला वाटलं पाणी मागतोय. तिनं चमच्यानं पाणी घातलं. मला माहीत होतं तो काय करतोय. मी सांगितलं नाही.

आबा गेल्याच्या तिसऱ्या दिवशी मल्लय्याअण्णा आले. म्हातारे झालेत. दाराबाहेर उभे राहिले. मी आत या म्हणाले. त्यांनी उंबऱ्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि उभेच राहिले.

"त्या दिवशी मी बोलायला पाहिजे होतं, अम्मा."

"हो," मी म्हणाले. "पाहिजे होतं."

त्यांना वाटलं असावं मी पुढं काही बोलेन. मी बोलले नाही. मला काही सुचत नव्हतं असं नाही. पण त्यांचं ओझं उतरवायला माझ्यापाशी बळ नव्हतं, आणि ते माझं कामही नव्हतं.

थोड्या वेळानं त्यांनी आढ्याकडं पाहिलं. "माग आहे अजून. काय करणार?"

आई आतून म्हणाली, "लावनार. मी बसनार त्येच्यावर. हात हायेत की अजून."

"जागा?"

"बघू."

अण्णा घुटमळले. मग पुढं वाकून हळूच म्हणाले, "माझ्या नावावर घ्या गाळा. चिठ्ठी मी देतो. तुम्ही मागनं येऊन विणत बसा. कुणाला कळणार न्हाई."

मनापासून म्हणाले ते. मला दिसत होतं. आणि मागनं हा शब्द त्यांच्या तोंडून किती सहज आला, तेही दिसत होतं.

"नको, अण्णा," मी म्हणाले. "गाळा आबाच्या नावानं घेणार. पाटीसकट. पुढच्या दारानं."

ते गेले. दुसऱ्या दिवशीपासून मी शाळा सुटली की गाळे विचारत फिरते आहे. सुतक संपायची वाट पाहिली नाही. आईच म्हणाली, "तुज्या बापानं वाट बगितली तेवडी बास."

रीत एकच ठेवली आहे. गाव विचारलं की मी जात स्वतः सांगते, त्यांना वळसा घालायला लावत नाही. मग छप्पर गळतं, भाचा येणार असतो, पूजा असते. मी ऐकून घेते. मग पिशवीतून कागद काढते, दौत काढते, टाक काढते, त्यांच्या पुढ्यात ठेवते.

"देत नसाल तर का देत नाही ते इथं लिहून द्या."

पहिले हसले. दुसऱ्यांनी आत जाऊन दार लावलं. तिसरे ओरडले, शिक्षकीण झाली म्हणून काय डोक्यावर बसणार काय, गल्ली गोळा झाली. चौथ्यांनी टाक खरोखर उचलला. शाईत बुडवला. कागदावर वाकले. शाईचा थेंब पडला, त्याकडं पाहत राहिले, आणि टाक ठेवून दिला. म्हणाले, "बाई, असं लिहून कोण देतं?"

"मी दिलं होतं," मी म्हणाले. "तेराव्या वर्षी."

पाचव्यांनी दौत बोटानं माझ्याकडं परत सरकवली.

पाचही जण शिकलेले आहेत. पाचांचंही अक्षर माझ्यापेक्षा वाईट नसेल. कागद अजून कोराच आहे, तो एक शाईचा थेंब सोडला तर. मी दमले आहे, पाय दुखतात, वर्गात फळ्याकडं तोंड करून उभी राहते तेव्हा डोळे मिटतात. तरी उद्या शाळा सुटली की सहाव्या गाळ्याकडं जाणार आहे. दौत भरून ठेवली आहे.

मजकूर मी सांगणार नाही. तो त्यांना पाठ आहे.